केतकरबाईंचं उत्तर

गुरुवार, संध्याकाळ. डोंबिवली.

अमेरिकेच्या राजकारणावरच्या व्याख्यानाची बातमी पाठवली, तरी वक्त्या केतकरबाई डोक्यातून जात नाहीत. दोन्ही पक्षांची बाजू त्यांनी अशी मांडली, की दर वेळी त्या त्याच पक्षाच्या वाटाव्यात. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, असा मांडायचा असतो. आम्ही लहानपणी संस्कृत पाठशाळेत तो नुसता घोकला.

मग ठाकुर्लीच्या वैद्यकाकू उठल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला.

"बहिणीच्या लग्नाला आला, तर परत आत घेतील ना हो त्याला?"

मी पेन सरसावलं. मथळा येणार होता.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "नियम कधी बदलतील, ते तिथल्यांनाही ठाऊक नाही. खात्री देईल त्याचं ऐकू नका."

"टीव्हीवर तर सगळे खात्रीच देतात."

"त्यांना कुठे मुलाला बोलवायचंय?"

काकू खाली बसल्या. "मग नको येऊ म्हणते."

बाई मंचावरून उतरून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. शाल-श्रीफळ घेतलेले अध्यक्ष वरच ताटकळले.

आणि मी काय लिहिलं? 'तज्ज्ञांनी अंदाज देणे टाळले.' वीस वर्षं 'जाणकारांच्या मते' लिहिणारा माणूस, दुसरं काय लिहिणार? टाळलं कुठे? एवढं सरळ उत्तर मी आजवर छापलेलं नाही. पान अजून छपाईला गेलं नसेल. डेस्कला फोन करतो.