तळाचा घोट

९ जुलै
वसतिगृहात आणखी चौघांचे गाल सुजले. गालगुंडच. प्रयोगशाळेसाठी मी दिवसभर लाळेचे नमुने घेत फिरले. चिकट भात डब्यात तसाच राहिला.

११ जुलै
साथ कुणी आणली हे सगळ्यांना आधीच ठाऊक! म्हणे मूपॉनं. पहिल्या वर्षाची, कारेन जमातीची मुलगी. सरहद्दीवरच्या डोंगरातून आलीय, शिकून गावच्या शाळेत शिकवणार आहे.
मुलींनी मला ताई म्हणत बजावलं, "पी क्वान, त्या खोलीत जाऊ नका हं! डोंगरावरनं रोग घेऊन आलीय ती." तिच्या चपला कुणीतरी जिन्याखाली भिरकावल्यात. मीच उचलून आणल्या.
मूपॉनं दार जेमतेम उघडलं. "पी, खरंच मी आणला का?"
म्हटलं, विषाणूलाच विचारू की! हसली बिचारी. हसतानाही गाल दुखला.

१६ जुलै
सगळ्यांच्या विषाणूंचे जनुकक्रम वाचून झाले. हा विषाणू म्हणजे नक्कल उतरवणारं पोर. एकदा चुकलं की पुढच्या नकलेत तीच चूक, वर एखादी नवी. साकोनच्या विषाणूतले सगळे बदल मूपॉच्या विषाणूत आहेत, वर एक नवा. म्हणजे आधी तो, मग ती!
पण साकोन चौथ्या वर्षाचा, बँकॉकचा. दोघंही म्हणतात, आम्ही कधी भेटलोच नाही. का खोटं बोलतायत?

१७ जुलै
साकोनला गाठलं. "पी, माझा गाल आधी सुजला होता, पण ती अक्कलदाढ होती हो!" अक्कलदाढ म्हणे! अक्कल कुठाय?
मी नुसती बघत राहिले. शेवटी फुटला. नवख्यांच्या स्वागताला लाल सरबताचा एकच पेला — चौथ्या वर्षापासून खाली खाली. सगळ्यात धाकटीनं शेवटी प्यायचं, तळ दिसेपर्यंत. विद्यापीठाची बंदी आहे, म्हणून सगळ्यांना शपथ घातलेली.
मूपॉनं ती पाळली. शिव्या खाल्ल्या, पण थोरांचं नाव घेतलं नाही. मला रडूच आलं.

१८ जुलै
प्रयोगशाळेतल्या माझ्या गुरू, आचान प्रनोमना म्हटलं, आजच जाहीर करू या. "क्वान, आपण साखळी शोधतो, चोर नाही. आधी अहवाल समितीपुढे जाऊ दे."
मी म्हटलं, साकोनचं नाव नका सांगू, पण मूपॉवरचा ठपका तरी पुसा! "नियम म्हणजे नियम."
मान खाली घालून बाहेर आले. आचानपुढे आम्हाला तेवढंच येतं.

२१ जुलै
मूपॉची खोली रिकामी. ताप चढला म्हणून आई येऊन घेऊन गेली. मुलींनी गादीवर औषध फवारलंय. फोन केला — उचलत नाही. रागावली असेल. रागवायलाच हवं तिनं!

२८ जुलै
समितीनं मान्य केलं! साथ तिच्यापासून नाही — आज फलकावर लागलं. साकोन आपण होऊन वर्गापुढे उभा राहिला. "पेला मी फिरवला." खाली बघूनच बोलला, पण बोलला.
तिला पुन्हा फोन. पुन्हा नाही. एवढा राग?

२९ जुलै
आज आईनं उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. म्हटलं, तिला द्या ना फोन, मला माझ्या तोंडानं सांगायचंय.
आई म्हणाली, "फोन देऊन काय करू, पोरी? गालगुंडानं दोन्ही कान गेले तिचे. सारखी मलाच विचारते — लोक अजून माझ्याबद्दल बोलतात का गं?"