दोन पेट्या ठेवाव्यात म्हणतो

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. सगळे म्हणजे मी आणि मधमाश्या. फोनच केला असता, पण फोनवर माझं लांबत जातं आणि तुझं लक्ष टीव्हीकडे. मागच्या खेपेला तू सहज विचारलंस, काय दादा, माशा कशा आहेत, आणि मी नळाजवळच्या पेटीत राणी कशी बदलली ते अगदी पहिल्यापासून सांगायला बसलो. थोड्या वेळाने तुझं "हं, हं" थांबलं आणि बातम्यांचा आवाज मोठा झाला. तू फोन टेबलावर ठेवून जेवायला बसला होतास, हे मला कळलं होतं. तरी मी सगळं सांगून संपवलं. अर्धवट काही सोडायची मला सवय नाही. कागदाचं बरं असतं. कंटाळा आला तर उशीखाली सरकव, मला इकडे काही ऐकू येणार नाही.

आणि हो, बारक्या लिहिलं म्हणून रागावू नकोस. तुझी ती पोटाला तंग बसणारी पँट मी पाहिली आहे, पण या वयात तुला नवीन नाव कुठून आणू?

मुद्दा असा की पेट्या किती ठेवायच्या, हे मला पुढच्या शनिवारच्या आत ठरवायचं आहे. आज अंगणात पाच आहेत. गावाबाहेर एक बाई रोपवाटिका चालवतात, त्यांना फळझाडांसाठी माशा हव्या आहेत. मी देईन तेवढ्या पेट्या न्यायला त्या शनिवारी येणार. बाई स्वच्छ आहेत, राणी दाखवली तर ओळखतात, पेटी उघडताना बडबड करत नाहीत. माशा चांगल्या घरी पडतील, त्याची चिंता नाही. प्रश्न माझ्याकडे किती उरतील एवढाच आहे. तुला वाटेल, यात काय ठरवायचं! बनियन किती घ्यायचे तसं सांगतात लोक, तीन ठेवा, चार ठेवा. त्यांना वाटतं छंद म्हणजे खुंटीला टांगायची वस्तू. मी हे सगळं स्वतःचं स्वतः शिकलो आहे, हे तुला सांगायला नको. वजनकाटे दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माशा पाळायलाही नाही. त्यामुळे ठरवणार ते विचार करूनच.

एकच पेटी ठेवू नये. हे मी कुठे वाचून म्हणत नाही, एकीवर दोन वर्षं काढून म्हणतो. एकच असली की तिचं बरं चाललंय की वाईट, हे कळायला दुसरं काही समोर नसतं. माशा कमी दिसल्या की आपण म्हणतो हवा बरी नाही. परागकण येत नाहीत तर म्हणतो फुलं संपली. शेजारी दुसरी पेटी असती आणि तिच्या दारात गर्दी असती, तर कळलं असतं की हवा बरी आहे, फुलंही आहेत, आजारी हीच आहे. आणि राणी अचानक गेली तर? एकटी पेटी काहीही करू शकत नाही. नवी राणी घडवायला ताजी अंडी लागतात आणि अंडी घालणारीच नाही. पेटी रोज भरल्यासारखी दिसते, आवाज येत राहतो, आणि आतून माणसं... माशा म्हाताऱ्या होत जातात. दुसरी असेल तर तिच्यातली अंडी घातलेल्या पोळ्याची एक चौकट उचलायची आणि इकडे ठेवायची. बस. बाकीचं त्या बघून घेतात. म्हणून कमीत कमी दोन. तीन असल्या तर एक हाताशी. चार म्हणजे हौस. आणि पाच म्हणजे काय, ते तुला आता सांगतो.

आईने दोनच्या वर पेट्या नकोत म्हणून बजावलं होतं, आठवतं ना? मागच्या दारात मटार सोलत बसायची आणि मला दम द्यायची, "तिसरी आणलीस तर तूही तिकडेच झोप, त्यांच्यात. पांघरूण देईन." मी पेट्या उघडायचो तेव्हा ती तिथेच बसलेली असायची. माशांची भीती नाही, आवड तर मुळीच नाही. बघायचीसुद्धा नाही माझ्याकडे. नुसती बसायची आणि मधूनमधून विचारायची, "झालं का रे तुझं त्यांचं?" ती गेल्यावर तू आणि तुझी बायको दोन दिवस जास्त राहिलात आणि निघताना तू म्हणालास, दादा, इथे एकटा काय करणार, आमच्याकडे चल, मागची खोली रिकामीच आहे. मी म्हणालो, पेट्यांचं कोण बघणार? तुझी बायको हसली. म्हणाली, "दादा, माशांना कुलूप लावून या." मी मात्र हसलो नाही. बरोबर उत्तर दिलं असं मला वाटलं होतं. तुम्ही दोन बस बदलून घरी पोचलाही नसाल, तोवर मी तिसऱ्या पेटीच्या फळ्या कापायला घेतल्या होत्या.

तिसरी, मग चौथी, मग पाचवी. हंगामात वसाहत मोठी झाली की तिचे दोन भाग करता येतात, पैसे लागत नाहीत, फक्त कुणी नको म्हणणारं नसावं लागतं. दोन पेट्या बघायला रविवारची सकाळ पुरते. पाचांना अख्खा रविवार जातो, आणि ते मला सोयीचं होतं. आठवड्यात दुकान असतं. दुकानातही आता फारसं काही नसतं, नवीन काटे बिघडले की लोक टाकून देतात. पण दार उघडं असतं, रस्ता दिसतो, कुणीतरी पत्ता विचारायला तरी येतं. रविवारी कुणीच येत नाही. मग पाच झाकणं उघडायची, चौकटी एकेक करून उन्हात धरायच्या, लिंबाखालची पेटी जुन्या मोठ्या काट्यावर ठेवलीय, तिचं वजन बघायचं, आठवड्यात किती मकरंद आला ते मनाशी जुळवायचं. संध्याकाळी हात मेणाने चिकट झालेले असतात आणि अंग दुखत असतं. अंग दुखत असलं की घर फार मोठं वाटत नाही. परवा मी भाजी चिरताना मोठ्याने म्हणालो, "झालं बाबा माझं त्यांचं." कुणी विचारलं नव्हतं.

पेट्या कमी करायचा एक मार्ग घरच्या घरीही आहे. दोन वसाहती एकत्र करता येतात. नुसत्या एकत्र ओतल्या तर मारामारी होते, वास वेगळा असतो ना दोघींचा. म्हणून एका पेटीवर वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्याला दाभणाने दोनचार भोकं पाडायची आणि वर दुसरी पेटी ठेवायची. माशा दोन्ही बाजूंनी कागद कुरतडत राहतात. कागद संपेपर्यंत वास एक झालेला असतो, कोण वरची आणि कोण खालची ते त्यांनाही सांगता येत नाही. सकाळी दारात कागदाचा भुगा पडलेला दिसला की समजायचं, जमलं. फार सुंदर काम आहे. अडचण एकच. राणी एकच ठेवावी लागते, दुसरी आधी आपण काढायची. काढायची म्हणजे मारायची. मी मागच्या महिन्यात भिंतीकडच्या पेटीवर कागद पसरला, भोकं पाडली, चिमटीत राणी धरली. चांगली राणी होती रे. एकही घर न चुकवता अंडी घालत होती. मी तिला परत सोडली आणि कागद घडी करून ठेवून दिला. काट्यांचं काम करणारा माणूस मी, अर्ध्या ग्रॅमवर भांडतो, आणि तिथे हात चालेना.

एवढं सगळं सांगितलं आणि गेल्या रविवारचं अजून सांगितलं नाही. सांगतो.

मला माशा चावतात हे तुला माहीत आहेच. लहानपणी तुला एकदाच चावली होती तर तू एक चप्पल टाकून पळालास आणि अजूनही माझ्याकडे आलास की खिडकीच्या आतूनच माशांची चौकशी करतोस. मला इतक्या वेळा चावल्या की मी तिकडे लक्षही देत नाही. गेल्या वर्षापासून मात्र हात कोपरापर्यंत सुजायचा, एकदा अंगभर गांधी उठल्या. मी माझंच शास्त्र लढवलं की जितक्या जास्त चावतील तितकं अंग सरावेल. ते शास्त्र चुकलं. रविवारी टोपीची जाळी मानेमागे उसवली होती, तिथून एक आत शिरली आणि चावली. आधी तळहात खाजायला लागले, मग ओठ जड झाले, मग गळ्यात कुणी कापूस कोंबतंय असं वाटलं. मी खाली बसलो. बसलो म्हणजे बसावं लागलं. समोर पेटी उघडी, आणि उघडी पेटी बघून बाकीच्या चारींतल्या माशा तिच्यातला मध लुटायला यायला लागल्या होत्या. डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि मला ते दिसत होतं. मी गुडघ्यांवर जाऊन आधी झाकण लावलं. तू म्हणशील मूर्ख आहेस. डॉक्टरबाईंनी हाच शब्द जरा सभ्य करून वापरला.

फाटकापर्यंत कसा गेलो ते नीट आठवत नाही. समोरच्या सायकलवाल्याने पाहिलं. त्याच्या आधीच्या रविवारी त्याचं दुकान बंद होतं, त्या दिवशी नशिबाने उघडं होतं. त्याने कुणाची तरी गाडी थांबवली आणि मला दवाखान्यात नेलं. नर्सने विचारलं, सोबत कोण? तो बिचारा म्हणाला, "मी नाही हो. मी फक्त सोडायला आलोय, दुकान उघडं टाकलंय." चूक काहीच नाही त्याची. जाताना माझी टोपी खुर्चीवर नीट ठेवून गेला. दिवसभर मी तिथे पडून होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला इतकी माणसं आली की त्याने शेवटी त्यातली दोन माझ्याकडे पाठवली. "जरा त्यांच्यापाशी बसा, माझा जीव घाबरा होतोय गर्दीने." ती बसली. मी त्यांना मधमाश्यांचं सांगितलं. टीव्ही नव्हता तिथे.

आता बरा आहे, खरंच. पण डॉक्टरबाईंनी सांगितलं, पुढची माशी कदाचित दवाखान्यापर्यंत पोचू देणार नाही. पेट्या काढून टाका. सगळ्या. मी म्हणालो, सगळ्या नाही जमायच्या. त्या म्हणाल्या, जमायला काय आहे त्यात? मी त्यांना राणीचं, अंड्यांचं, एक पेटी का चालत नाही ते सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ठेवायच्याच असतील तर एका अटीवर. घरात एक इंजेक्शन ठेवायचं, मांडीत टोचायचं असतं, कपड्यावरूनही चालतं. पण बेशुद्ध पडलेला माणूस स्वतःला टोचू शकत नाही. तुम्ही पेटी उघडाल तेव्हा टोचणारं माणूस हाकेच्या अंतरावर पाहिजे. मग चष्मा काढून विचारलं, घरी कोण असतं तुमच्या? आणि बारक्या, मी म्हणालो, भाऊ असतो. धाकटा. तो माझ्याजवळच राहतो, आम्ही दोघंच आहोत. एवढ्या सफाईने म्हणालो की मलाच क्षणभर खरं वाटलं. त्या म्हणाल्या, मग काळजी नाही, पुढच्या गुरुवारी त्यांना घेऊन या, मी टोचायला शिकवते. त्यांना बघितल्याशिवाय इंजेक्शन देणार नाही. तर त्यासाठी हे पत्र. रोज ये असं म्हणत नाही. महिन्यातले दोन रविवार पुरेत, बाकीचे रविवार मी झाकणाला हात लावणार नाही, शब्द देतो. तुला पेटीजवळ यावं लागणार नाही. मागच्या दाराच्या आत बस, दाराला जाळी मी बसवून घेतो, पेपर वाच, फोनवर बातम्या लाव. मात्र मी खाली बसलेला दिसलो तर तुला बाहेर यावं लागेल, माशा असतील तरी. ते तुझ्यासाठी सोपं नाही हे मला माहीत आहे, म्हणून नाही म्हणालास तर मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. गुरुवारी येणार असलास तर फिकट रंगाचा शर्ट घाल, अत्तर लावू नकोस, दवाखान्यातून आल्यावर तुला अंगण दाखवीन. येणार नसलास तरी बुधवारपर्यंत कळव. रोपवाटिकेच्या बाईंची गाडी लहान आहे, तिच्यात तीनच पेट्या मावतात. मग पाचही न्यायला त्यांना मोठी गाडी आणायला सांगावं लागेल.

तुझाच,
दादा