वळताना वाजणारी गाडी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात इतका वाकलो तर मला उठवायला माणूस लागतं, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांची कंबर आता त्यांच्या स्वतःच्याही कामाची राहिलेली नाही.) इकडे आम्ही दोघं ठीक. पुढे तुझी तब्येत विचारायची रीत आहे, पण गेल्या रविवारी फोनवर तू बजावलंस की त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढलास तर फोन उचलणार नाही. आज्ञा मान्य. तुझ्या मांडीच्या खाली आणि पोटरीच्या वर जे काही आहे, त्याबद्दल या पत्रात अवाक्षर नाही. डॉक्टर काय म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरून तू कधीपासून खाली उतरलेली नाहीस, भाजी टोपलीला दोरी बांधून कशी वर ओढतेस, यातलं मला काहीही विचारायचं नाही. मी आपला गाडीबद्दल लिहितो. गाडीबद्दल लिहायला तू मनाई केलेली नाहीस.

तर गाडी वाजायला लागली. सरळ रस्त्यावर अगदी मुकी, पण उजवीकडे वळली की कुठूनतरी कट् कट् कट्. पहिले काही आठवडे मला तो आवाज आवडला, हे तुला म्हणून सांगतो. सावकाश वळलं की सावकाश, जरा पाय दाबला की भरभर. मी मनातल्या मनात लघु-गुरू मांडायला लागलो. पोस्टाच्या वळणावर मंदाक्रांता, बाजाराच्या वळणावर भुजंगप्रयात, आणि मागच्याने हॉर्न मारला की यतिभंग. तुझ्या त्या लाकडी टाचांच्या चपला आठवतात का? शाळेच्या दगडी पायऱ्यांवरून तू पुढे, मी मागे. तू एका पायरीला कवितेचा एक शब्द म्हणायचीस, आणि जिना वळतो तिथे थांबायचीस. मी दप्तर सावरत धापा टाकत यायचो, आणि तू म्हणायचीस, ठोंब्या, थांबायचं तिथे थांबला नाहीस तर कवितेचा श्वास तुटतो. पुढे मला शाळेत जे काही वृत्त कळलं ते फळ्यावरून नव्हे, तुझ्या टाचांवरून. मग सांग, जी गाडी वळताना तसा ताल धरते, ती दुरुस्त करायची बुद्धी कोणाला होईल?

तुझ्या भावजयीला झाली. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, “माझ्या पायाशी वाजतंय.” मी म्हटलं, उजवीकडे वळताना वाजतं म्हणजे उजवीकडेच वाजत असणार, हे साधं तर्कशास्त्र आहे, तुझ्या पायाशी जे वाजतंय ते तुझ्या पिशवीतलं आहे. त्या दिवशी तिची पिशवी रस्त्याच्या कडेला रिकामी केली. (त्यात काय काय निघालं ते लिहीत नाही. माझा हरवलेला चष्मा मात्र निघाला, आणि तो तिथे मीच ठेवला होता असं ठरलं.) पिशवी घरी ठेवली, आवाज आला. छत्री घरी ठेवली, आवाज आला. मग तिला मागच्या सीटवर बसवलं. आवाज पुढूनच आला, आणि मागून तिचाही सुरू झाला.

शेवटी मी एक युक्ती काढली. आवाज उजव्या वळणाला येतो ना, मग उजवीकडे वळायचंच नाही. उजवीकडे जायचं असेल तर तीनदा डावीकडे वळायचं. तुला सांगतो ताई, इतकी वर्षं या गावात राहून मी निम्मं गाव पाहिलेलं नव्हतं. एका गल्लीत छत्र्या दुरुस्त करणारा सापडला. एका गल्लीत एक बाई खिडकीत बसून पोपटाला पाढे शिकवते. तो सातापर्यंत आला आहे. दवाखाना पूर्वी पाच मिनिटांवर होता, तो आता पाऊण तासावर गेला, पण वाट काय सुरेख. हे असंच आयुष्यभर चाललं असतं. पण एका दुपारी बाजारातून येताना डावीकडे, डावीकडे असं करत मी अशा एका बोळात शिरलो की समोर भिंत, डावीकडे भिंत आणि रस्ता फक्त उजवीकडे. मी उजवीकडे वळायचं नाही म्हणून रिव्हर्स टाकला. मागे एक हातगाडी, तिच्या मागे एक टेम्पो. तुझी भावजय सरळ उतरली, भाजी घेतली आणि चालत निघाली. मी घरी पोचलो तेव्हा भाजी चिरून फोडणीला पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजात. गॅरेजवाला म्हणजे स्वभावाने संथ माणूस. प्रश्न विचारला की आधी हात पुसतो, मग दुसरंच काहीतरी विचारतो. त्याने आम्हाला मागच्या मोकळ्या मैदानात नेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरायला सांगितलं. मी गोल फिरतोय, शेजारी तुझी भावजय दोन्ही हातांनी दार धरून बसलीय, आणि तो वाकून, कान चाकाकडे करून गाडीबरोबर चालतोय. चार माणसं जमली. एकाने विचारलं, काय हरवलंय? उजवीकडे फिरलो, कट् कट् कट्. डावीकडे फिरलो, चिडीचूप. मग तो थांबला, हात पुसले आणि तुझ्या भावजयीच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाला की डावं गेलंय. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून ओरडतं ते डावं. तुझी भावजय त्यावर एक अक्षर बोलली नाही. अजून बोललेली नाही. रोज नव्याने बोलत नाही.

आता खरं नवल पुढेच आहे. त्याने एक जुना, कोणाच्यातरी गाडीतून काढलेला तसलाच सांधा आणून माझ्यापुढे उघडला. सीव्ही जॉइंट म्हणतात त्याला. मुठीएवढी लोखंडी वाटी, आत एक पिंजरा, पिंजऱ्यात पोलादी गोळ्या, आणि बाहेरून घडीघडीचा रबरी बूट, आतलं ग्रीस आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवायला. मी आडव्या टायरवर बसून ते किती वेळ हातात फिरवत होतो कोण जाणे. विचार कर, चाक वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं, आणि तरी इंजिनाकडून आलेली गती त्याला एकसारखीच पोचली पाहिजे. वाकताना झटका नको, वळताना खंड नको. कविता चांगली म्हणणारा ओळीच्या मधोमध वळण घेतो आणि वृत्त सांडू देत नाही, तसं. आणि इतकी वर्षं हे माझ्या बुडाखाली निमूट चाललं होतं! कधी कौतुकाचा शब्द नाही, कधी साधी चौकशी नाही. बूट फाटतो, ग्रीस निघून जातं, माती आत जाते, गोळ्यांच्या वाटा घासून खड्डे पडतात, आणि मग वळताना कट् कट्. मी वृत्त म्हणून जे ऐकत होतो ते हे.

मी विचारलं, मग आता पर्याय काय? आणि ताई, पर्याय इतके निघाले की पोपट सोडून सगळ्यांनी मला एकेक सुचवला. (तुझी भावजय सध्या सगळ्या किमती मिक्सरमध्ये मोजते, कारण आमचा मिक्सर जळलाय, म्हणून मीही तसंच लिहितो.) सगळ्यात स्वस्त म्हणजे नवा बूट आणि ताजं ग्रीस, मिक्सरच्या एका भांड्याएवढं, पण ते बूट फाटल्या फाटल्या गाडी आणली असती तर. आता केलं तर थोडे दिवस आवाज दबेल, आतलं झिजलेलं झिजलेलंच. त्याच्या वर भंगारवाल्याकडचा जुना, अर्धा मिक्सर. हा बँकवाल्यांचा सल्ला. पण तो आधीच्या गाडीत किती वळला होता हे भंगारवाला सांगत नाही, मी विचारलं तर म्हणाला, जन्मपत्रिका पण पाहिजे का? मग दुरुस्त करून पुन्हा विकलेला, एक मिक्सर, त्यात आपला जुना त्यांना द्यायचा. (ते जुने नेऊन काय करतात, ते मला अजून कळलेलं नाही. चौकशी चालू आहे.) मग नवा. त्यात पुन्हा गंमत अशी की नुसता सांधा स्वस्त पडतो, पण तो जुन्या दांड्यावर चढवायची मजुरी जास्त. आणि दोन्ही टोकांच्या सांध्यांसकट अख्खा दांडा घेतला तर वस्तू महाग, मजुरी कमी, बेरीज शेवटी जवळजवळ तेवढीच, दोन मिक्सर. आणि गाडीच्या मूळ कंपनीचाच हवा असेल तर मिक्सर सोडा, तो फ्रिज झाला.

मी हिशेबात गढलेलो पाहून गॅरेजवाला म्हणाला की काहीही घाला, चाक उतरवून उघडावं लागणारच, ते काही चुकत नाही. “उघडायचं एकदाच, साहेब. मग आत काय घालायचं ते नीट घाला.” मला खरी भीती पैशांची नव्हतीच. वयस्क गाडी आहे. उघडली, आणि पुन्हा उभीच राहिली नाही तर? मी विचारलं, न उघडता चालणार नाही का? तो म्हणाला, चालेल की. “चालते तोवर चालवा. फक्त वळू नका.” मग मी जे विचारायचं ते विचारलं: उघडल्यावर ती पहिल्यासारखी होईल का? त्याने या वेळी हात पुसले नाहीत. म्हणाला, “पहिल्यासारखी कशी होणार? पण वळेल.”

हे वाक्य मला आवडलं म्हणून जसंच्या तसं उतरवलं आहे. दुसरं काही कारण नाही. तुझी भावजय तेव्हा माझ्याकडे बघत होती आणि मी लोखंडी वाटीकडे. कोणाचंही नाव आम्ही दोघांनी घेतलं नाही.

असो, पत्र लांबलं. दिलेला शब्द मी पाळला आहे. वरपासून खालपर्यंत तपासून पाहा, तो अवयव कुठेही सापडणार नाही. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना ओणवी होऊ नकोस एवढंच सांगतो, आणि हेही कुंड्यांच्या काळजीपोटी.

तुझा,
ठोंब्या

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. लहानपणापासून माझं सगळं तूच ठरवत आलीस: कुठल्या बाकावर बसायचं, कुठली कविता म्हणायची, कोणाशी लग्न करायचं. तेव्हा गाडीचंही तूच ठरव. वरवर ग्रीस भरून दिवस काढायचे, की एकदाच उघडून नवं बसवायचं? उत्तर कागदावर, तुझ्या हाताने आणि सहीनिशी पाठव. एक प्रत गॅरेजवाल्याला दाखवीन आणि दुसरी तुमच्याकडच्या एका गृहस्थांना, ज्यांचा संबंध सांध्यांशी आहे पण गाड्यांशी नाही, आणि जे तुझ्या उत्तराची माझ्याइतकीच वाट बघत आहेत.

ता. क. २. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. (पत्र बंद करण्याआधी ती वाचते, ही रीत तू लावून दिलेली आहे.) म्हणाली, “वन्संना असं कोपऱ्यात गाठू नका. सरळ लिहा.” तर सरळ लिहितो. गाडी परवाच झाली. अख्खा दांडा, नवा. मिक्सर पुढे ढकलला, आणि तो पुढे ढकलायला सांगणारी तीच. तेव्हा तुझं उत्तर मला आता गाडीसाठी नको आहे.

ता. क. ३. गॅरेजातून निघाल्यावर मी पहिल्यांदा उजवीकडे वळलो. मग पुन्हा उजवीकडे. मग मैदानात जाऊन नुसता गोल गोल फिरलो. काही म्हणजे काही आवाज नाही. खरं सांगू का, जरा चुकल्यासारखं झालं, म्हणून त्या शांततेत मीच आपली पायऱ्यांवरची कविता म्हणायला लागलो. दोन कडवी आली. तिसरं आठवेना. तुझ्या भावजयीला ती माहीत नाही. ते कडवं ज्याला येतं असं तुझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही. फोनवर सांगू नकोस. शनिवारी सकाळी आम्ही येतोय. आवाज येणार नाही, म्हणून हॉर्न वाजवीन. पुढची डावी सीट तुझी, भावजय मागे बसेल, त्या गृहस्थांनी अकराची वेळ दिली आहे. मी वर येईन, तू माझा हात धर, आणि एका पायरीला एक शब्द असं म्हणत उतर. जिना वळतो तिथे थांबू. पाहिजे तेवढा वेळ थांबू. कडवं संपेल तेव्हा आपण खाली पोचलेले असू.