बाबांच्या गाडीची शिट्टी

ता. २ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न.

बाबांची लाल स्पोर्ट्स कार माझ्यावर रुसली आहे. सुरू केली की इंजिन शिट्टी मारतं, उभ्या जागी धापा टाकतं आणि शेडभर तेलाचा सडा पडतो. सगळी सील बदलली, तरी गळतंच. पुढच्या रविवारी दातांचे डॉक्टर ती विकत घ्यायला येतील. बाबा गेल्यावर चालवणारं कोणी उरलं नाही, नुसती गंजेल म्हणून विकतोय. आईला तसं सांगितलं, तर म्हणाली, ठरवलंस ना, मग निस्तर. तेव्हापासून हूं नाही की चूं नाही.

जुन्या गाड्यांचं गॅरेज तुझं, तेव्हा तूच सांग. नाहीतर डॉक्टर गाडी सोडून माझेच दात बघतील.

माया आटू देऊ नकोस.
तुझा तेलकट
धाकटा


ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सील बदलण्याआधी विचारायचंस, दीडशहाण्या! इंजिनाच्या पोटात धूर साठतो. तो एका नळीतून कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळकांड्यात, ओढला जातो आणि जळून जातो. पोटाकडचं तोंड बंद झालं, की कोंडलेला धूर मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. मॅनिफोल्डकडचं तोंड उघडं पडलं, की फुकटची हवा आत घुसते, शिट्टी तिचीच. त्या तोंडावर बोट ठेवून बघ, शिट्टी थांबेल.

नळी एखादवेळी निसटते, मान्य. पण दुसरं टोकही नेमकं तेव्हाच बंद व्हावं? शेडमध्ये तुझ्याशिवाय कोण जातं रे?

हात धुऊन उत्तर लिही.
तुझी ताई


ता. १५ मार्च

चि. थोरलीस,
आईचे अ. उ. आ.

चोंबडे, माझं भांडं फोडलंस! नळी काढून इंजिनाच्या पोटाकडच्या तोंडात बाटलीचं बूच ठोकलं ते मीच. धाकट्याने ते माझ्या नाकासमोर धरून विचारलं, हे काय. मी म्हटलं, बूच. आता ओरडणार असं वाटलं, तर पठ्ठ्या तेलातच बसून खो खो हसत सुटला. मग हळूच म्हणाला, नको होतं तर बोलायचंस. मी म्हटलं, तू सांगितलंस, विचारलंस कुठे? त्यावर त्याने बूच खिशात घातलं आणि नळी उचलली.

नळी जागेवर बसवली आणि इंजिन कसं छान गुरगुरायला लागलं. तेवढ्यात डॉक्टर हजर. म्हटलं, बसा, फेरी मारून आणते. तुझ्या बाबांनी मला तुम्हा दोघांच्या नकळत गाडी चालवायला शिकवली होती. पहिल्या वळणावर डॉक्टरांनी डोळे मिटले, दुसऱ्यावर माझा दंड धरला. परत आल्यावर गाडीचं नावही न काढता घरी गेले. विकायचं रद्द, असं धाकट्यानेच जाहीर केलं.

येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. चालवणार मी. लोभ आहेच, तो वाढवायला जातीने येते. फाटक सताड उघडं ठेव, आणि तू जरा बाजूला उभी राहा.

तुझी आई