लॉर्डाचं सातवं प्रकरण

सर,

तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, आणि या सतरा वर्षांत मी लॉर्डाबद्दल कुणाशी धड एक वाक्य बोललेले नाही. बोलणार तरी कुणाशी? डहाणू आणि तलासरी मिळून त्या माणसाला ओळखणारे आपण दोघंच होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, ड्यूकच्या घरचा थोरला मुलगा, तरी उदारमतवादी पक्षाचा पुढारी. पंतप्रधानपद तीनदा दाराशी आलं आणि तिन्ही वेळा नको म्हणाला. स्वतःचंच भाषण चालू असताना त्याला जांभई आली होती. ती जांभई तुम्ही वर्गात इतकी मन लावून द्यायचात, की पोरं पाठीमागे तुम्हालाच लॉर्ड म्हणायची. मी आता तलासरीच्या कॉलेजात ती देऊन दाखवते, तर पहिल्या बाकावरची मुलगी काळजीने विचारते, "मॅडम, बरं नाही का?" फार एकटं वाटतं, सर. आई गेली त्याचं दुःख लोकांना सांगता आलं, लोक भेटायलाही आले. लॉर्डाबद्दल बोलायला कुणी उरलं नाही, हे दुःख कुणाला सांगू?

लिहायचं कारण असं, की माझा प्रबंध आता पुस्तक म्हणून निघतोय. त्याची राजकीय कारकीर्द, सहा प्रकरणांत, तुम्ही मंजूर केली होती तशीच. पण संपादक बाई हुशार निघाल्या. फोनवर म्हणाल्या, "सहाव्या प्रकरणात हा पक्षाचा कणा आहे आणि उपसंहारात पक्ष सोडून बसलाय. मधलं कुठे गेलं?" सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मधलं कुठे गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सातवं प्रकरण तुम्हीच काढायला लावलं होतं. ते आता घालू की नको, एवढंच विचारायला बसले आहे.

आपली सगळी चर्चा तुमच्या चिकूच्या वाडीतल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी व्हायची. मी रानशेतहून एसटीने यायची. काकू माझ्यापुढे चहा ठेवायच्या, घरच्यांच्याच कपात, आणि मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कप उचलायला किती वेळ लावला होता ते आठवतं. पहिल्या प्रकरणात मी लिहिलं होतं, "लॉर्ड अत्यंत उदार होता." तुम्ही चष्मा काढलात. "उदार माझी आजी होती. येईल त्याच्या पदरात चिकू घालायची. हा उदारमतवादी आहे. उदार माणूस आपलं दुसऱ्याला देतो. उदारमतवादी माणूस, दुसऱ्याचं जे आहे ते दुसऱ्याचंच आहे, एवढं कबूल करतो. जास्त अवघड कुठलं, सांग." ते वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. आज मी ते मुलांना माझंच म्हणून सांगते, त्याबद्दल माफ करा.

त्याच घराच्या मागच्या ओट्यावर माझी आई चिकू निवडायला बसत असे. हे आपण तिघंही जाणून होतो आणि कधी बोललो नाही. एकदा ती भरलेली टोपली दाखवायला मागच्या दाराशी येऊन उभी राहते, आणि मी टेबलाशी बसून तुम्हाला आयर्लंड समजावून सांगते आहे. ती माझ्याकडे बघत नाही. मीही कागदातून मान वर काढत नाही. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर ती आपणहून म्हणाली, "सर लय उदार माणूस हाय. तुला टेबलाशी बसवतो. त्याला उलट बोलू नको." मी तिला उदार आणि उदारमतवादी यांतला फरक सांगायला गेले. ती म्हणाली, "तुझं तुझ्यापाशी. गाडी आली बघ."

मग सातवं प्रकरण. आयर्लंडला स्वतःचा कारभार द्यायचा प्रश्न निघाला आणि इतकी वर्षं सगळ्या सुधारणांच्या बाजूने मत देणारा आपला लॉर्ड अडला. आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानाची साथ सोडली, पक्ष फुटला. का, तर माझं म्हणणं होतं की त्याच्या घराण्याची जमीन आयर्लंडात होती. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं हे त्याला सगळीकडे कबूल होतं, फक्त स्वतःच्या बांधापर्यंत. तुम्ही वाचत होतात तेव्हा खिडकीतून वाडीकडे बघत होतात. त्याच वर्षी वाडीच्या कडेला राहणाऱ्या मजुरांनी आपापल्या झोपडीखालची जागा नावावर मागितली होती, आणि तुम्ही 'बघू' म्हणाला होतात. समासात तुम्ही पेन्सिलीने एकच शब्द लिहिलात, 'पुरावा?' आणि तोंडाने विचारलंत, "आहे का?" मी म्हटलं, "नाही, सर." "मग काढ. इतिहास रागाने लिहायचा नसतो." मी काढलं. पानं तुमच्याच टेबलावर राहिली. मला डॉक्टरेट मिळाली, काकूंनी शिरा केला.

गेल्या आठवड्यात तुमच्या सूनबाईंचा फोन आला. वाडी विकली, घर पाडणार. "मॅडम, सरांची पुस्तकं तुम्ही न्या ना. नाहीतर शनिवारी पस्तीवाला घेऊन जाणार." रद्दीत जाण्याआधी मी रिक्षा करून गेले. ओटा अजून आहे. टेबल कुणी तरी नेलं होतं, फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या. माझ्या प्रबंधाची तुमची प्रत खोक्यात तळाशी सापडली. सहाव्या प्रकरणानंतर टाचणीने लावलेली ती काढलेली पानं. 'पुरावा?' या शब्दाखाली तुमच्याच अक्षरात, पण नंतरच्या, थरथरत्या हाताच्या, एका पत्रसंग्रहाचं नाव, पान क्रमांक, आणि पेपर तपासताना करायचात तशी बरोबरची खूण.

मी तिथेच फरशीवर बसले आणि तुमच्यावर इतकी चिडले, की सूनबाईंनी पाणी आणून दिलं. तुम्ही शोधलंत. तुम्हाला सापडलं. मग सांगितलं का नाहीत? शेवटच्या आजारात मी दर रविवारी येत होते. आपण जांभईवर हसायचो. एका वाक्याचं काम होतं. मी तो पान क्रमांक पुन्हा पुन्हा बघत राहिले, आणि हळूहळू राग कुठे ठेवावा हेच कळेना.

सातवं प्रकरण सोमवारी जाईल. तळटीपेत तुमचं नाव देणार आहे, पुरावा तुम्ही शोधलात असं. कारण तुम्ही खरंच शोधलात, उतारवयात, पेन्सिल धरवत नसताना. संपादक बाईंना तेवढं पुरेल.

हा कागद त्याच पानांना टाचून ठेवते, दुसरा पत्ता नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. तो पान क्रमांक मला पाठ होता. मुंबईच्या ग्रंथालयात बसून मी तो एका कार्डावर उतरवून आणला होता, आणि तुम्ही "आहे का?" विचारलंत तेव्हा ते कार्ड माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. मी पिशवीत हातही घातला होता, सर. मागच्या ओट्यावर आई चिकू निवडत होती.