फोड आलेल्या पुस्तकाचा इलाज

अक्कास, तुझ्या धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, त्यामुळे हात नीट जुळत नाहीत, तेवढी मान जास्त वाकवली आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी सकाळी खरंच चालतात, की चालायचे बूट घालून पेपर वाचतात? इकडे सगळे धडधाकट आहेत. मी मात्र शुक्रवारपासून असा हादरलोय, की काल तुझ्या भावजयीने जेवायला हाक मारली तर दचकून "मी नाही केलं" म्हणालो.

तुला ठाऊकच आहे, चौथीत नापास झालो आणि बाइंडरकडे खळ ढवळायला लागलो. आज माझे स्वतःचे तीन शिकंजे आहेत. (शिकंजा म्हणजे पुस्तक दाबून सपाट करायचं लोखंडी यंत्र. तू दरवेळी विचारतेस.) शाळेची फाटकी पुस्तकं मीच शिवतो, म्हणून यंदा हेडबाईंनी मला पुस्तक निवड समितीवर घेतलं. जन्मभर पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकदम कुणी त्याच्या पोटात काय आहे ते विचारलं, अशी माझी गत. त्यात ग्रंथपालबाई (आवाज मऊ, नजर करवतीची) म्हणाल्या की शाळेत तीनशे बारा मुलं आहेत आणि कपाटात प्रत्येकाला आपलं वाटेल असं एक तरी पुस्तक हवं. मी मनात म्हटलं, झालं, आता मापं घ्या एकेकाची! पण माझे कान तुला माहीत आहेत. कपाटामागे खिळे तपासत होतो, तर पलीकडून एक पोरगा म्हणाला, "ह्यात जाड्या पाचव्या पानावर चिखलात पडतो बघ." दुसरा म्हणाला, "माहितीये. मी चौथ्यावरच बंद करतो." मी वाकून पाहिलं. दुसरा चांगला गुबगुबीत होता. अक्का, ते पुस्तक मीच तीनदा शिवून दिलंय. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी काढलेल्या नव्या पुस्तकांच्या यादीला मी दोन्ही हात वर करून मत दिलं. (एकच मोजलं.)

यादीतली पुस्तकं आली तीच कोपऱ्यात भिजलेली. मी छाती पुढे काढून म्हटलं, बाई, काळजी नको, आणि गठ्ठा कारखान्यात नेला. बाकीची वाळली. एक मात्र अवघड दुखणं निघालं. म्हातारी आणि तिचा हट्टी बोकड, अशी गोष्ट. छपाई झकास, पण पानापानावर बारीक बारीक फोड! ओल लागली की कागद फुगतो, हे मी तीस वर्षं बघतोय. तरी इतके शिस्तीत, रांगेत उभे राहिलेले फोड कधी पाहिले नव्हते. चांगल्या छापखान्याच्या ओलीलाही वळण असतं, असं म्हणून मी कौतुकसुद्धा केलं. मग प्रत्येक पान घोटलं, दोन दिवस मोठ्या शिकंज्यात दाबलं. पुस्तक असं गुळगुळीत झालं, की माशी बसली असती तर घसरली असती.

शुक्रवारी ग्रंथालयाच्या तासाला बाईंनी ते पाचवीतल्या एका मुलीच्या हातात दिलं. सगळे तिला वकीलबाई म्हणतात, कारण ती उलटतपासणी घेते. तिला दिसत नाही. आजवर दुसऱ्यांनी वाचायचं आणि तिने ऐकायचं, असंच चाललेलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच स्वतः सगळ्यांना वाचून दाखवणार होती. आठ महिने या पुस्तकाची वाट बघत होती. तिने पानावर बोटं फिरवली. उलटं फिरवली. पुढचं पान घेतलं.

"बाई, हे कोरं आहे."

"कोरं कसं असेल?"

"कुणीतरी सगळं दाबून टाकलंय."

आणि अक्का, मी मागच्या बाकावरून उठून, हसतमुखाने, अख्ख्या वर्गासमोर म्हणालो, "मीच, बाळ! एकही फोड शिल्लक ठेवला नाही!"

बाई खाली बसल्या. मग त्यांनी मला ब्रेल म्हणजे काय ते अगदी हळू आवाजात सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगी रडली नाही. तिने विचारलं, "काका, किती दिवस लागले?" म्हटलं, दोन. "मग आता वर काढा," ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारपर्यंत."

तेव्हापासून बाईंनी दिलेली पाटी आणि टोचणी घेऊन बसलोय. जाड कागदाला मागून टोचायचं, तेही उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटला की वाचता येतं. रविवारभरात अर्धं पान झालं आणि अंगठा गेला. वकीलबाईंनी तपासून निकाल दिला, "काका, अक्षर गिचमिड आहे." घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. समितीवरून मला काढलं अशी बातमी कानावर आली तर विश्वास ठेवू नकोस. काढलं होतं, पण मंगळवारी परत घेतलं. फक्त पुस्तकांना हात लावायचा नाही.

आणखी ता. क. खरं काम हे. प्रकाशकाकडे ते पुस्तक संपलंय. शेवटची प्रत तुझ्या सूनबाईच्या दुकानात आहे म्हणतात. तिच्या दुकानातल्या पुस्तकांची शिवण थुंकीने केलेली असते, असं मी बारशात चारचौघांत बोललो होतो, म्हणून मी फोन करू शकत नाही. तू बोल. मी पाय धरतो म्हणून सांग. शुक्रवारच्या आत हवं, आणि पार्सलवर "वजन ठेवू नये" असं ठळक लिहायला लाव.

शेवटचं ता. क. पार्सलवर माझा पत्ता घालू नकोस. आत्ताच वकीलबाईंचा निरोप आलाय: पुस्तक थेट त्यांच्याच हातात पडलं पाहिजे. "शाळेचं ग्रंथालय, पाचवीच्या वकीलबाई" एवढं लिहिलं तरी पोचेल. पार्सल उघडताना मला तीन हात लांब उभं राहायची परवानगी मिळाली आहे.