विहिरीकडचा मोगरा

१८ ऑक्टोबर १९८३, मुलुंड

आलो एकदाचे! दसरा झाला आणि लालबागची खोली सोडली. दोन ट्रंका, स्टोव्ह, पाटा-वरवंटा आणि आम्ही दोघं. बंगल्याची बाग राखायचं काम मिळालं. मागे गड्यांची खोली आहे, ती आम्हाला दिली. खिडकी उघडली की समोर बाग. चाळीत खिडकी उघडली की शुभाताईंचे परकर वाळत दिसायचे. मी तर पोरीसारखी गिरकी घेतली.

गिरणी बंद पडल्यापासून धाकू नुसता भिंतीकडे बघत बसायचा. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लिहू नये असं कोणी सांगितलेलं नाही.) बोलणं नाही, भांडणं नाही. माणूस जिवंतपणी हातातून सुटत चाललेला. आज मात्र आल्या आल्या त्याने कुदळ कुठे आहे म्हणून विचारलं. देवा, मला बंगला नको, दागिना नको. माझा नवरा तेवढा मला परत दे.

मालकीण अंजनाबाई. गळ्यात तुळशीची माळ, कडक. वर्षभर लेकीकडे इंदूरला चालल्या आहेत. सगळी बाग फिरवून दाखवली. गुलाबाची छाटणी लगेच करा, शेवंतीला काठ्या लावा, संक्रांतीला विहिरीकडच्या मोगऱ्याचं पाणी तोडून ताण द्या, पानं ओरबाडा, म्हणजे उन्हाळ्यात तो भरून फुलतो. खत म्हणून शेणखत आणि पेंड. टॅक्सीत बसल्या आणि पुन्हा उतरून आल्या. बागेत मासळीचं पाणी टाकायचं नाही म्हणाल्या, थेंबसुद्धा नाही. आम्ही माना डोलावल्या.

६ नोव्हेंबर

गुलाब छाटून झाले. कापलेल्या टोकांना धाकूने शेण फासलं. हात काय सफाईने चालतो त्याचा! साच्यावर बारा वर्षं धागे जोडलेला हात आहे.

आज कमळ कोळीण दारावर आली. मांदेली घेतली, बोंबील घेतले. धुतलेलं पाणी मोरीत ओतायला माझं मन होईना. गावाला आमच्या परसातला माड काय, जास्वंद काय, सगळी ह्याच पाण्यावर वाढलेली. सासूबाई म्हणायच्या, झाडाक माशाचा पाणी, माणसाक पेज. माळकरी बाई, तिला वासाचीच शिसारी असणार. ती इंदूरला बसून काय हुंगणार आहे? विहिरीकडच्या मोगऱ्याच्या बुडात ओतलं. धाकू हसला, म्हणाला, आता ह्याचाही रविवार झाला. किती महिन्यांनी हसला तो.

११ डिसेंबर

झकास! शेवंती अशी आली आहे की पानं दिसत नाहीत. शेजारचे भाऊराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, कुंपणावरून रोज विचारतात काय खत घालता. शेणखत आणि पेंड, आम्ही एकमेकांकडे बघून सांगतो. कमळ आता डोकी-आतडीही वेगळी बांधून देते.

मोगरा फुललाय. डिसेंबरात! थंडीत मोगरा फुललेला मी बापजन्मी पाहिला नव्हता. धाकू दोन-दोन भाकऱ्या जास्त खातो, माझ्याशी भांडतोसुद्धा. काल मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलंन्. मी मनातून इतकी खूश, की पुन्हा मीठ जास्त घालावं असं वाटलं.

१५ जानेवारी १९८४

काल संक्रांत. मालकिणीने सांगितल्याप्रमाणे मोगऱ्याचं पाणी तोडलं. साधं पाणी तोडलं तसं माशाचंही तोडलं. धाकूने अनवाणी उभं राहून सगळी पानं ओरबाडली.

आज सकाळी पानं परत. कोवळी नाहीत, चांगली रुंद, काळपट. वर कळ्या. पाण्यावाचून कशावर? धाकू म्हणाला जुनं झाड आहे, खोल मुळं असतील. असतील बाई.

२९ जानेवारी

मोगऱ्याखाली हल्ली चिमण्या उतरत नाहीत. कावळे भिंतीवर बसतात आणि तिथूनच उडतात.

धाकूच्या टाचांना भेगा पडल्यात. दुपारी कोकम तेल लावायला बसले, तर भेगेत पांढरे धागे. गोणपाटाचे वाटले. एक चिमटीत धरून ओढला. लांबतच गेला. धाकू असा ओरडला की माझ्या हातातली वाटी पडली. रक्त आलं आणि त्याला वास मोगऱ्याचा. आधी त्याच्या अंगाला तो वास आला की मी थट्टेत म्हणायचे, अत्तर लावून कुठल्या सटवीकडे चाललास. आता थट्टा सुचत नाही.

त्याच्या अंथरुणाखालची लादी वर आली आहे. खाली तसेच धागे, विहिरीच्या बाजूने आलेले. चुना ओतला आणि त्याला स्वयंपाकाच्या बाजूला झोपवलं. पण दिवसभर तो मोगऱ्यापाशीच पाय मातीत घालून बसतो. म्हणतो, मातीत असले की दुखत नाहीत.

१२ फेब्रुवारी

भाऊरावांना गाठलं. माशाच्या पाण्याचं सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याने कुंपणावरून धाकूच्या पायांकडे बघितलं, मग त्यानेही सगळं सांगितलं.

अंजनाबाईंचे यजमान बळवंतराव. मासळीचे शौकीन. त्यांनीही असंच पाणी ओतलं, आणि अशाच संक्रांतीला तोडलं. एकदा चव लागली की ते झाड उपाशी राहत नाही म्हणे. यजमान मोगऱ्यापाशी बसले ते उठलेच नाहीत; परगावी गेले असं बाईंनी लोकांना सांगितलं. माळ त्यानंतर घातली. देवासाठी नव्हे. घरात मासळी येऊ नये म्हणून.

मग सरळ सांगायला तिची जीभ झडली होती का? भाऊराव म्हणाले, सांगितलं असतं तर बागेला कोण राहिलं असतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेलीने आमची वाट लावली. आणि पाणी ओतलं कोणी? मीच ना.

१९ फेब्रुवारी

आज धाकूला इथून काढलं. पाय मातीतून उपटले. लिहवत नाही. भाऊरावांनी रिक्षा आणली, हॉस्पिटलात न्यायचं ठरवलं. फाटकाबाहेर त्याचे ओठ सुकले. पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत हातांची कातडी चुरगळली, मान खाली पडली. वेणीतलं फूल संध्याकाळपर्यंत जसं कोमेजतं तसा झाला. रिक्षा फिरवली. मातीत पाय ठेवल्यावर डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसला.

मी तिथेच बसून रडले.

४ मार्च

कोयता घेऊन गेले. एक फांदी तोडली. चीक लाल. मागे धाकू किंचाळला — त्याची करंगळी —

कोयता विहिरीत टाकून दिला.

११ मार्च

कमळकडून पाटीभर मासळी घेतली. सगळी मोगऱ्याला घातली. म्हटलं हे घे, त्याला सोड. दुपारपर्यंत तशीच पडून. माशा बसल्या. किडे झाले. मातीने शिवलीसुद्धा नाही.

आता त्याला मासळी नको.

कमळने धाकूचे पाय बघितले. पाटी तिथेच टाकून गेली. परत येणार नाही.

२५ मार्च

फुलं, फुलं, फुलं. रस्त्यावरच्या बायका कुंपणाशी येऊन गजऱ्याला मागतात. मी हाकलते. त्यांना वाटतं मी कंजूस.

धाकू गुडघ्यापर्यंत आत. बोलत नाही. पेज भरवते, ओठांतून बाहेर येते. पुन्हा भरवते. हाक मारली की पापणी हलते. हलते. मी बघितली आहे.

८ एप्रिल

भाऊराव लेकाकडे निघून गेले. जाताना पाया पडले माझ्या. म्हणाले, पोरी, तू तरी नीघ. कुठे निघू? हा इथे आहे ना.

१५ एप्रिल

आज पापणी हलली नाही. वारा नव्हता.

म्हणजे तेव्हा वाऱ्यानेच — नाही. नाही.

१६ एप्रिल

ठरलं. झाडाला एकट्या धाकूवर भागवावं लागतंय म्हणून तो सुकतो. अर्धं माझं घे. दोघं मिळून पुरू त्याला. वही मांडीवर घेऊन धाकूच्या शेजारी बसले आहे. भर दुपार. पाय मातीत घातले.

गार आहे. दुखत नाही. खरंच सांगत होता तो.

टाचेला काहीतरी — बारीक —

त्याचा हात हातात घेतला. हलका किती. धाकू, आता तू थोडा दम खा. मी आले आहे. सांगते आहे त्याला. बोटं दाबली तर खोलगट लागतात. नख लागलं आणि कातडी फाटली, कागदासारखी — आत रक्त नाही. हाड नाही. नुसती मुळं, जून झालेली, जाड — आजची नाहीत. कालचीही नाहीत —

मग मी पेज कोणाला भरवत —

पाय निघत नाही. डावा थोडा — नाही. ओढते आहे. भाऊरावांना हाक — ते गेले. फाटकाशी बायका आहेत गजऱ्यासाठी, ओरडते तर हसतात, म्हणतात फुलं द्यायला नकोत हिला — अहो बायांनो, आत या, नका — आत येऊ नका, कोणीतरी कुदळ —

गुडघ्या